हिवाळाभर पाणी नको

१० नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

पोचले एकदाची. लेक पलंगावर, पाय उशांवर आणि तोंड फुगलेलं. बाळंत होईपर्यंत उठायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि ही बाई लहानपणी जेवायलासुद्धा कधी एका जागी बसली नाही. जावई भला आहे, पण अंडं उकडायचं तरी त्याला चार भांडी लागतात. तेव्हा हिवाळा संपेपर्यंत माझी सुटका नाही असं धरून चाल.

आता मुद्द्याचं. झाडं तुझ्या दारात टाकून मी जी पळाले, त्यात नीट सांगायचं राहूनच गेलं. फोनवर सांगितलं असतं, पण माझे कान तुला ठाऊक आहेत. अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने लावते. म्हणून लिहिते, आणि तूही लिहीच.

रुंद पानांची दोन ऑर्किड आहेत ती हॉलमध्ये ठेव. त्यांना आठवड्याला एकदा पाणी, बाकी त्यांची काही कटकट नाही. पण बांबूसारख्या कांड्यांची जी आहेत त्यांचं वेगळं असतं. हिवाळा ही त्यांची विश्रांती. त्यांना घरातली सगळ्यात गार आणि सगळ्यात उजेडाची जागा दे. खत बंद. पाणीही बंद, आणि बंद म्हणजे बंद. पानं पिवळी पडतील, गळतील. कांड्या सुरकुततील. तुला वाटेल मेली. वाटू दे. तुझा हात सढळ आहे हे मला माहीत आहे, तू तर पाहुण्याच्या कुत्र्यालाही दुसऱ्यांदा वाढतेस, म्हणून तुलाच जास्त बजावते. पाणी मिळालं की या झाडाला वाटतं आपलं बरं चाललंय, आणि ते फुलायचं सोडून देतं. गारठा आणि कोरड सोसली तरच पेरापेरावर कळ्या धरतात. वाटाण्याएवढ्या गोल कळ्या दिसल्या की मला कळव. मगच पाणी.

तुझ्याकडे मागची खोलीच त्याला योग्य. राघू सुट्टीवर आलाय म्हणालीस ना? त्याला सांग, मावशीची झाडं तुझ्या खोलीत राहायला येतायत. सकाळी डोळे उघडल्यापासून बडबड करायचा म्हणून तर आपण त्याला राघू म्हणायला लागलो. माझ्या झाडांना सोबत होईल.

ताई

१९ नोव्हेंबर

ताई,

झाडं मागच्या खोलीत खिडकीखाली मांडली. तू सांगितलंस तसं पाणी बंद केलंय.

राघू सुट्टीवर आलाय म्हणाले ते पूर्ण खरं नव्हतं. त्याने नोकरी सोडली आहे. तिथल्या खोलीचं सामानही त्याने आणलं नाही, एका पिशवीनिशी आला. दिवसभर फोनवर अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकायच्या आणि गोड बोलायचं, अशी ती नोकरी. आमच्या बोलक्या पोराला अगदी साजेशी, असं आम्हीच लोकांना कौतुकाने सांगत होतो. आता तो बोलतच नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. विचारलं तर म्हणतो, "दमलोय गं." ताई, त्याने आल्यापासून एकदाही आपणहून दिवा लावलेला नाही.

डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि त्याला बाहेर बसवून मला एकटीला सांगितलं की गोळ्या तुमच्याजवळ ठेवा, रोजच्या रोज तुम्हीच द्या, आणि त्याच्या खोलीची आतली कडी काढून टाका. का, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

ह्यांना कडीचं सांगितलं. ह्यांनी हत्यारांची पेटी आणली, चारही स्क्रू काढले, भोकं बुजवली, वर रंगसुद्धा लावला. एका शब्दाने विचारलं नाही कशासाठी. आणि त्याच संध्याकाळी दारात उभं राहून त्याला म्हणाले, "बंद पडलेली लिफ्ट तशीच ठेवली की गंजते. ऊठ, दाढी कर, माझ्याबरोबर कामाला चल." जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता माणूसही पान्याने दुरुस्त होतो असं ह्यांना वाटतं. रोज तेच. ऊठ, दाढी कर, चल. राघू डोक्यावर पांघरूण घेतो.

फोनवर हे बोलता येत नाही. तुला ऐकू जावं म्हणून ओरडायचं, तर मागच्या खोलीत पहिलं ऐकू जाईल.

तुझी धाकटी

२७ नोव्हेंबर

धाकटे,

पत्र दोनदा वाचलं. मला आधी सांगायला तुझी जीभ का अडखळली? मी काय परकी आहे?

नीट ऐक. मी डॉक्टर नाही, पण आयुष्यभर झाडं वाढवली आहेत. दमलेल्या जिवाला ढोसून काही होत नसतं. माझ्या झाडांना मी थंडीत जसं सोडते तसं त्यालाही सोड. हाका मारू नकोस, डोक्याशी बसून रडू नकोस, सारखं विचारू नकोस. जेवण दे, गोळी दे आणि बाहेर ये. अति तिथे माती. त्याचं त्याला उठू दे.

आणि तुझ्या नवऱ्याला आवर. तो माणूस वाईट नाही, पण त्याला दारही हळू लावता येत नाही, मन काय हळू उघडणार. त्याला स्पष्ट सांग की त्या खोलीत जायचं नाही. तुझ्याच्याने होत नसेल तर माझं नाव सांग. मला तो थोडा घाबरतो.

झाडांची पानं पिवळी पडायला लागली असतील. घाबरू नकोस.

ताई

१४ डिसेंबर

ताई,

सांगितलं. तुझं नाव घ्यावं लागलं नाही.

ह्यांनी नेहमीप्रमाणे संध्याकाळी सुरू केलं, आणि राघू पांघरुणाच्या आतून म्हणाला, "बाबा, प्लीज." एवढंच म्हणाला, पण त्याचा आवाज ऐकून माझं डोकंच फिरलं. ह्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, या खोलीत तुम्ही आता पाऊल टाकायचं नाही, तुमच्यामुळे तो जास्त आजारी पडतोय. लग्नानंतर एवढ्या वर्षांत मी कधी असं बोलले नव्हते. वाटलं, आता भांडी आपटतील. ते फक्त म्हणाले, "बरं." आणि हात धुवायला गेले.

तेव्हापासून ह्यांनी खरंच पाऊल टाकलेलं नाही. पहाटे लवकर उठून निघून जातात, मी उठते तेव्हा घरात नसतात. घरी आले की पेपर उघडतात आणि तेच पान धरून बसतात. राघूचं नावही घेत नाहीत. मला ह्यांचा राग येतो, ताई. ओरडत होते तेव्हा निदान पोराशी काही नातं आहे असं वाटायचं.

तू म्हणतेस सोडून दे. मी सोडते, पण मला ते जमत नाही. परवा दुपारी जेवण घेऊन गेले, दार टेकलेलं होतं. हाक मारली, ओ नाही. पुन्हा मारली. ताट हातात धरून मी तशीच उभी राहिले. कडी नाही, दार ढकललं की उघडेल, हे माहीत असून मला ढकलवेना. शेवटी खांद्याने ढकललं. तो झोपला होता. ताट खाली ठेवताना वाजलं तसे त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, मी फक्त झोपलो होतो." मला काय वाटलं असेल ते त्याला माहीत होतं. ते त्याला माहीत असावं, याचीच मला जास्त भीती वाटली.

तुझी झाडं भकास दिसतात. पानं जवळजवळ सगळी गेली, कांड्या वाळल्यासारख्या झाल्यात. त्यांच्याकडे बघवत नाही, पण पाणी घातलेलं नाही. वचन दिलंय म्हणजे दिलंय.

तुझी धाकटी

२६ डिसेंबर

धाकटे,

चार ओळीच लिहिते. लेकीला दवाखान्यात ठेवलंय, रक्तदाब वर गेलाय. मी बाकावर बसून लिहितेय. बाळाचे ठोके ठीक आहेत म्हणतात.

तू धीर सोडू नकोस. डॉक्टरीणबाईंना त्या दुपारचं सांग, मनात ठेवू नकोस. कोरड्या कांड्यांची काळजी करू नकोस, तसंच व्हायला हवं. एक थेंबही नको.

ताई

१० जानेवारी

ताई,

लेक कशी आहे? घरी सोडलं का? तुझं पत्र नाही म्हणून काळजी वाटते.

माझ्याकडे मात्र तुला सांगण्यासारखं काहीतरी आहे. तुझ्या झाडांना कळ्या आल्या.

सकाळी गोळी द्यायला गेले आणि उजेडात दिसल्या. कांड्यांच्या वरच्या पेरांवर हिरवे कोंब, अणकुचीदार, नखाएवढे. एकावर नाही, बहुतेक सगळ्यांवर. बुडाशी बारीक पांढरे दोरेसुद्धा सुटलेत. कांड्याही आता तितक्या सुकलेल्या दिसत नाहीत, चांगल्या टरारल्यात. मी तिथेच खाली बसले. राघू म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "मावशीची झाडं फुलणार आहेत." त्याने उठून पाहिलं, ताई. स्वतःहून उठला, खिडकीपाशी आला, पाहिलं आणि पुन्हा जाऊन पडला. पण उठला.

तुला वेडेपणा वाटेल. त्या दुपारनंतर मी मनाशी एक धरलं होतं. ही मेल्यासारखी दिसणारी झाडं फुलली तर माझा मुलगा यातून उठेल, आणि नाही फुलली तर... पुढचं मी धरलं नव्हतं. रोज सकाळी आधी झाडं बघायची, मग त्याच्याकडे बघायचं, असं चाललं होतं. आता मला जरा झोप लागेल.

वाटाण्याएवढ्या अजून नाहीत. पाणी सुरू करू का, एवढं कळव. खिडकी बदलून घ्यायला हवी, थंडीत दव आत येतं बहुतेक. झाडांखालची फरशी सकाळी ओलसर लागते.

तुझी धाकटी

१८ जानेवारी

धाकटे,

लेक घरी आली, ठीक आहे. ती चिंता सोड.

हे पत्र लिहू की नको, याचा मी दोन दिवस विचार करतेय. पण तुला खोटं सांगितलं तर महिन्याभरात तूच बघशील, आणि तेव्हा जास्त लागेल.

त्या कळ्या नाहीत. कळी गोल असते आणि तिला खाली मुळं फुटत नाहीत. तू ज्यांना दोरे म्हणतेस ती मुळं आहेत. ते कोंब म्हणजे पिल्लं, कांडीवर उगवलेली नवी रोपं. विश्रांतीत झाडाला पाणी मिळालं की ते कळीच्या जागी पिल्लू काढतं. या वर्षी त्यांच्यावर फूल येणार नाही.

तुझ्या खिडकीतून दव येत नाही, धाकटे. कोणीतरी पाणी घालतंय. चुकून सांडलेलं नाही, चांगलं रोजच्या रोज, बरेच दिवस. तू वचन मोडणार नाहीस, मी तुला ओळखते. मग उरलं कोण? त्याला विचार. रागावून विचारू नकोस. खरं सांगायचं तर मला राग आलाय. ही झाडं मी पोटच्या पोरांसारखी सांभाळली आहेत, आणि सांगून सवरून कोणी असं केलं की अंगाची लाही होते. पण राग माझा मी गिळते.

एकच सांगते. झाडांवर पोराची पैज लावू नकोस. झाडाला काय कळतंय तुझ्या घरात काय चाललंय. फुलं येणार नाहीत म्हणजे फुलं येणार नाहीत, बाकी त्याचा काही अर्थ नाही. हे शंभर वेळा वाच.

ताई

३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शंभर वेळा वाच म्हणालीस, वाचलं. तरी सकाळी नजर आधी झाडांकडेच गेली. मग वाटलं, विचारायला तर हवं.

तो खिडकीकडे तोंड करून पडला होता. मी कुंड्यांपाशी बसले आणि म्हटलं, "राघू, झाडांना पाणी तू घालतोस का?"

"नाही."

"मावशी म्हणते, कोणीतरी रोज घालतंय."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "बाबा घालतात."

मी म्हटलं, "बाबा इथे येत नाहीत. मीच बंदी केलीय."

"रोज येतात. पहाटे, कामावर जायच्या आधी. बूट बाहेर ठेवतात, मोज्यांवर येतात. बाथरूममधला निळा मग भरून आणतात." त्याचा आवाज बसला होता, इतके दिवस वापरलाच नव्हता ना. "आई, त्यांना वाटतं मी झोपलेला असतो."

मी विचारलं, इतक्या पहाटे येऊन काय करतात. मला वाटलं, पुन्हा तेच, ऊठ आणि दाढी कर.

"काही बोलत नाहीत. आधी झाडांना पाणी घालतात, सगळ्यांना. मग माझ्याजवळ येतात आणि माझ्या नाकापाशी हात धरतात."

तोच पुढे म्हणाला, "मी मुद्दाम जरा मोठ्याने श्वास घेतो. नाहीतर ते तसेच उभे राहतात. त्यांना कामाला उशीर होतो."

एवढं बोलून त्याने पांघरूण ओढून घेतलं. मी त्याच्या पायांवर हात ठेवून बसून राहिले. थोड्या वेळाने आतूनच म्हणाला, "त्यांना सांगू नकोस मला माहीत आहे म्हणून."

या माणसाने कडी काढली तेव्हा एक शब्द विचारला नाही, आणि मी मनात म्हटलं होतं, ह्यांना काही पडलेलीच नाही. ह्यांना सगळं माझ्याआधी कळलं होतं. आणि मी ह्यांना त्या खोलीची बंदी केली. आता ह्यांना स्वतःच्या मुलाच्या खोलीत जायला तुझ्या झाडांचं निमित्त लागतं. कोणी पाहिलं तर सांगायला, की बुवा, पाणी घालायला आलो होतो.

काल पहाटे मी जागीच राहिले. निळा मग भरल्याचा आवाज आला, मोज्यांचा आवाज आला. मग काही नाही. मग आमच्या मुलाचा श्वास, पार बाहेर माझ्यापर्यंत ऐकू आला. मग ह्यांनी दार ओढून घेतलं, इतकं हळू की मला आधी कळलंच नाही.

आता तुझं सांगते. एका झाडाची कांडी बुडाशी काळी पडलीय. बोट लावलं तर आत गेलं. दुसऱ्याचंही लक्षण बरं दिसत नाही. असंच पाणी पडत राहिलं तर बाकीचीही कुजतील, हे मलाही समजतं. पण ह्यांना थांबवू कशी? मला माहीत आहे असं म्हटलं तर शरमेने पुन्हा आत जाणार नाहीत. बंदी उठवली म्हणून सांगितलं तर दारात उभं राहून तेच सुरू करतील, ह्यांना तोंडाने दुसरं काही येत नाही. निळा मग लपवून ठेवला तर रिकाम्या हाताने जायचं धाडस होणार नाही. झाडं तुझी आहेत, आणि जीव लावून वाढवलेली आहेत. तू म्हणशील तर आजच उचलून हॉलमध्ये आणते. सांग काय करू.

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

नात झाली. लहानशी आहे, पण आवाज घर डोक्यावर घेण्याएवढा आहे, आणि लेकही सुखरूप आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहीन.

तुझं पत्र आलं तेव्हा मी धुणं वाळत घालत होते. तिथेच वाचलं आणि तिथेच ओल्या चादरीत तोंड घालून रडले. आवाज ऐकून जावई कपड्यांचं मशीन बिघडलं का म्हणून बघायला आला.

आता सांगते तसं कर. डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांग, नाकाशी हात धरतात तेही सांग, आणि पोरगा श्वास मोठ्याने घेतो तेही. त्यांना कळायला हवं. नवऱ्याला काही बोलू नकोस. त्याच्याबद्दल मी जे लिहिलं, ते मी परत घेते. झाडांचं मला कळतं, त्या जोरावर मी तुझ्या घरात नाक खुपसलं. ते माझं काम नव्हतं.

झाडं हलवायची नाहीत. खिडकीखालीच राहू देत. निळा मग जिथे असतो तिथेच ठेव, आणि रात्री तो रिकामा व स्वच्छ आहे ना ते बघत जा. जी कांडी काळी पडली ती कापून टाक, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या नजरेला येणार नाही. बाकीची जितके दिवस तग धरतील तितके धरतील. माझ्या जिवाला लागेल, नाही कशाला म्हणू. लागू दे.

आणि एखादं अगदीच मेलं, तर त्याला कळायच्या आत बाजारात जा आणि त्याच कुंडीत दुसरं झाड लाव. ऑर्किडच हवं असं नाही, कुठलंही चालेल. दुकानदाराला एवढंच विचार, की याला रोज पाणी लागतं ना.

ताई